विहारातील सतरंजी आणि पांढरे डाग

वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचनाची सांगता झाली, की 6 डिसेंबरच्या अभिवादन सभेची तयारी सुरू होते. चार महिने अंथरलेली सतरंजी उचलली, की तिच्या कडेला आणि खालच्या बाजूला पांढरे चट्टे दिसतात. आमच्या नातेपुत्यातही असेच झाले. महिला मंडळाने धुण्याचा सोडा टाकून बोअरच्या पाण्याने सतरंजी धुतली. वाळल्यावर पाहतो तो चट्टे आणखी वाढलेले! लगेच कोणी म्हणाले, "टाकून द्या, वर्गणी काढून नवी आणू."

आम्ही विरोध केला. ही सतरंजी रोजाने खुरपायला जाणाऱ्या आयाबहिणींच्या वर्गणीतून आलेली आहे. आमच्या आजोबांच्या काळी गावच्या बैठकीत बिछायत इतरांसाठी असे, आपल्या माणसाने बाहेर मातीत बसायचे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्माच्या वाटेवर आणले. आज लहान-थोर, स्त्री-पुरुष एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. तिची किंमत केवळ दुकानाच्या पावतीवरून ठरत नाही.

तथागतांनी दुःख सांगितले, तसे त्याचे कारणही सांगितले. डागाचेही कारण पाहावे. हा मळ नव्हे, क्षार आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने आपल्या भागात ऊस आला. पण जिथे निचरा नाही तिथे जमिनीतले क्षारही वर आले. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावे, तशी ओल जोत्यातून फरशीत चढते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. भिंतीवर दिसला की त्यालाच आपण लोणा म्हणतो. धुण्याचा सोडा हाही क्षारच आणि बोअरचे पाणीही खारट. मग डाग जाणार कसा?

अमेरिका-कॅनडाच्या थंड मुलखात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते बुटांबरोबर आत येते आणि कार्यालयांच्या गालिच्यांवर असेच पांढरे डाग पडतात. तिथे ते काढण्याची जी रीत आहे, तीच आम्ही वापरली.

आधी सतरंजी पूर्ण वाळू द्यावी. नाकाला फडके बांधून कोरड्या ब्रशने पांढरी भुकटी झाडून काढावी. निम्मे काम इथेच होते. मग एक वाटी पांढरा व्हिनेगर तीन-चार वाट्या कोमट पाण्यात मिसळावा. रंग जातो का, हे आधी एका कोपऱ्यावर पाहावे. फडके पिळून डागावर टिपावे, घासू नये. पाच-दहा मिनिटांनी स्वच्छ पांढऱ्या फडक्याने ओल टिपून घ्यावी. शेवटी साध्या पाण्याने पुसावे, मात्र ते पाणी फिल्टरच्या जारचे किंवा साठवलेले पावसाचे असावे. बोअरचे पाणी वापरले तर क्षार पुन्हा आलाच! नंतर दोरीवर टाकून दोन्ही बाजूंनी वाळवावी. संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही लावू नये, सूत कुजते.

आमचे चट्टे दोन वेळच्या कामात गेले. जिथे रंगच उडाला होता तिथे खुणा राहिल्या, त्याला इलाज नाही.

पण डाग काढणे पुरेसे नाही. विहाराच्या भिंतीलगत पाणी साचत असेल तर चर काढून ते दूर न्यावे. सतरंजीखाली मेणकापड घालावे आणि कार्यक्रम झाला, की ती गुंडाळून फळीवर ठेवावी.

आणखी एक. सतरंजी धुणे हे महिला मंडळाचेच काम, असे कोणी ठरवले? समतेवर भाषण करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचे हात त्या दिवशी पहिल्यांदाच त्या पाण्यात बुडाले, हे सांगताना संकोच वाटतो. यंदा 6 डिसेंबरपूर्वी प्रत्येक विहारात पुरुषांनीही ब्रश हाती घ्यावा.

जय भीम!