फॉर्म बी नको, तपासणी विकत घ्या!

गेल्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, फायरचं सर्टिफिकेट स्वस्तात कुठे मिळेल?" माझं मत ऐका: हा प्रश्नच चुकीचा आहे.

आधी व्यवस्था समजून घ्या. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतींनी दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये 'फॉर्म बी' द्यायचा असतो, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. तो देतं कोण? सरकारी अधिकारी नाही, तर लायसन्स असलेली खासगी एजन्सी.

ही पद्धत मला पटते. प्रत्येक दुकानात साहेब येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर धंदा कधी करायचा? पण एक गोम आहे. तपासणाऱ्याला पैसे आपणच देतो. त्यामुळे 'नापास' म्हणायला तो कचरतो, आणि आपल्यालाही ते ऐकायचं नसतं.

माझाच किस्सा सांगतो. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी एका एजन्सीने व्हॉट्सॲपवर चार फोटो मागवले आणि संध्याकाळी सर्टिफिकेट पाठवलं. मी खूश! पुढे दिवाळीच्या साफसफाईत पोराने सिलिंडर उचलला, तर काटा लाल पट्ट्यात. म्हणजे प्रेशरच नाही. दुकानात माल ठासून भरलेला, आणि कागदावर सगळं ओके. त्या रात्री झोप लागली नाही.

कायदा म्हणतो, प्रत्यक्ष देखभाल नसताना एजन्सीने दाखला द्यायचा नाही. पण उपाययोजना करायची जबाबदारी मालक आणि वापरणाऱ्याचीही आहे. एजन्सीची सही झाली म्हणून आपण सुटलो, असं होत नाही.

म्हणून एवढं करा:

१. एजन्सीचं लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं आहे का आणि त्याची मुदत बाकी आहे का, ते बघा.
२. माणूस प्रत्यक्ष आला पाहिजे. तो तपासत असताना सोबत उभे राहा.
३. सिलिंडरचा काटा, पिन आणि रिफिलची तारीख स्वतः दर महिन्याला बघा.
४. बाहेर पडायच्या वाटेत खोकी ठेवू नका.

आता मी जास्त फी घेणारी एजन्सी लावली आहे. पहिल्याच भेटीत तिने तीन चुका काढल्या. राग आला, पण पैसे वसूल झाले. चुका न काढणारा तपासनीस सगळ्यात महाग पडतो, हे लक्षात ठेवा.

आज दुकान बंद करण्याआधी काटा बघा. हिरव्यात आहे की लाल, कमेंटमध्ये खरं खरं लिहा!