पाण्याची प्रदक्षिणा

मराठीच्या प्राध्यापकाने ढगांच्या वाटेला जाऊ नये, गेलाच तर कालिदासाचे बोट धरून जावे, असा आमच्या व्यवसायातला संकेत आहे. यंदा या सदरात मी तो मोडणार आहे. त्याला कारण झाला परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

पोखर्णी हे नृसिंहाचे गाव. दर्शन आटोपून आम्ही मंडळी झाडाखाली दशम्या सोडून बसलो होतो आणि ‘पोखर’ म्हणजे तळे, या शब्दाचे कुळ संस्कृत ‘पुष्करा’शी कसे जाऊन पोचते, ते मी सांगत होतो. जवळ उभ्या असलेल्या त्या मुलाने मध्येच विचारले, ‘‘गुरुजी, समुद्राचं पाणी खारं असतंय म्हणं, मंग पाऊस गोड कसा?’’ व्युत्पत्ती तिथेच राहिली!

याचे उत्तर, वाचकहो, तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पाणी तापत ठेवलेल्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहा. त्याला थेंब लागलेले दिसतील. पाण्यात मूठभर मीठ टाकले तरी झाकणावरचे थेंब गोडच. कारण वाफ होऊन पाणी तेवढे उडते, मीठ तळाशी राहते. सूर्य समुद्राचे हेच करतो. त्याला उकळी फुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. दोरीवरचे लुगडे वाळते ते काय उकळून?

ही वाफ हवेत सर्वत्र असते, पण दिसत नाही. अगदी प्रल्हादाच्या देवासारखी. ती प्रकट व्हायला हवा वर चढावी लागते. वर चढणारी हवा फुगते आणि थंड होते. कोरडी असेल तर दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी. त्या थंडाव्यात धुळीच्या आणि मिठाच्या कणांना बिलगून वाफेचे पुन्हा पाणी होते. अशा बारीक तुषारांचा मेळावा म्हणजे ढग. सुमारे दहा लाख तुषार एक झाले, की पावसाचा एक थेंब होतो.

आता पोखर्णीची अडचण ऐका. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना सह्याद्री वर चढायला लावतो आणि ते बरेचसे तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून वाईला यावे तर त्याचा पाचवा हिस्साही नाही. मराठवाडा तर आणखी पूर्वेला. त्याची पुष्कळशी भिस्त बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर. आणि मौज पाहा, या भागातले वाहून गेलेले पाणी गोदावरीला मिळते आणि गंगाखेड, नांदेड करीत त्याच उपसागराला जाते. तिथून ढगांच्या रूपाने त्यातले काही परत येते. देवळातल्या भक्तासारखी पाण्याचीही प्रदक्षिणा चालूच असते.

मात्र ही प्रदक्षिणा पंचांग पाहून होत नाही. मृगाचे वाहन कोल्हा की बेडूक, याची चर्चा गावोगाव रंगते. सूर्याची नक्षत्रे हे पेरणीचे उत्तम कालदर्शक आहे, पण ढगाला ते वाचता येत नाही. 2015 साली हजारो मैलांवर प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले. त्या एल निनोच्या वर्षी मराठवाड्यावर अवर्षण कोसळले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते.

जरा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी झाले. तेव्हा ती अख्खी गाडी म्हणजे सव्वाशे एकरांवर पडलेला अवघा एक मिलिमीटर पाऊस! अंगण जेमतेम भिजवणारी भुरभुर!

समुद्र तापवणे किंवा वारा वळवणे आपल्या हाती नाही. परंतु प्रदक्षिणेला निघालेल्या पाण्याला चार दिवस मुक्कामाला ठेवून घेणे खचित आपल्या हाती आहे. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसच तिथे राहते. जमिनीत मुरलेले पाणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे थांबते. बांध, तळी आणि विहिरी ही त्याची बिऱ्हाडे.

आणि हे केवळ खेड्यांना सांगून भागणार नाही. तुमच्या घराची गच्ची हजार चौरस फुटांची असेल, तर दहा मिलिमीटरांची एकच सर तिच्यावर नऊशे लिटरांहून अधिक पाणी ओतून जाते. आपण ते पन्हळीतून गटाराला देतो आणि चैत्र-वैशाखात टँकरवाल्याच्या दारी उभे राहतो. यंदा दिवाळीच्या साफसफाईत त्या पन्हळीकडेही एकदा पाहून घ्या. पुढच्या मृगाआधी तिचे तोंड जमिनीत पाणी मुरेल अशा खड्ड्याकडे वळवायला अजून पुष्कळ अवधी आहे.