सुमोच्या यादीत रजेला जागा नाही

जपानमध्ये वर्षातून सहा वेळा एक मोठा कागद प्रसिद्ध होतो. त्याला ‘बान्झुके’ म्हणतात. व्यावसायिक सुमो मल्लांची ही क्रमवारी. सुमारे सहाशे मल्लांची नावे तीत पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजूंना विभागून लिहिलेली असतात आणि लिहिणारा असतो आखाड्यातलाच एक पंच. योकोझुना आणि ओझेकी या सर्वोच्च पदांवरील मल्लांची नावे वरच्या ओळीत ठळक, ऐसपैस अक्षरांत. खाली उतरावे तशी अक्षरे बारीक होत जातात आणि तळाच्या ओळी वाचण्यास भिंग घ्यावे लागते. स्पर्धेच्या सुमारे दोन आठवडे आधी हा कागद हाती आला की सुमोचा खरा शौकीन कामाला लागतो. कोण चढला, कोण उतरला, कोणावर अन्याय झाला, याचा खल सुरू होतो. निकाल कोणालाही वाचता येतो. यादी वाचता येणे हे शौकिनाचे लक्षण होय.

या यादीचे गणित वरकरणी सोपे आहे. स्पर्धा पंधरा दिवसांची. वरच्या दोन वर्गांतील मल्लाने रोज एक कुस्ती करायची. पंधरापैकी आठ जिंकल्या तर तो सामान्यतः वर सरकतो, सातच जिंकल्या तर खाली येतो. त्यामुळे अखेरच्या दिवशी जाणत्या प्रेक्षकाची नजर केवळ विजेतेपदाच्या लढतीवर नसते. सात विजय आणि सात पराभव पदरी घेऊन आखाड्यात उतरणाऱ्या एखाद्या मधल्या फळीतल्या मल्लावरही ती खिळलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांच्या सीमेवर तर एका कुस्तीचे मोल फारच मोठे. ‘जूर्यो’ या दुसऱ्या वर्गात पाऊल ठेवले की मल्लाला मासिक वेतन सुरू होते. २०१९ मध्ये ते अकरा लाख येन झाले. सेवेला धाकटे मल्ल मिळतात, तालमीत स्वतःची खोली मिळते. तेथून एक पायरी खाली घसरला की वेतन बंद आणि दुसऱ्याची सेवा सुरू.

या कठोरपणातच सुमोची न्याय्यता आहे, असे शौकीन मानतात आणि ते सर्वस्वी चूक नाही. अगदी वरच्या पदांचा अपवाद सोडला तर येथे प्रामुख्याने आकडा बोलतो; घराणे, वशिला, लोकप्रियता यांचे फारसे चालत नाही. म्हणूनच हवाईहून आलेला ताकामियामा १९७२ मध्ये विजेता होऊ शकला, अकेबोनो १९९३ मध्ये पहिला परदेशी योकोझुना झाला आणि मंगोलियाच्या हाकुहोने ४५ विजेतेपदे मिळवली. जे समाज बढतीसाठी ओळखीपाळखीच्या वाटा शोधण्यात आयुष्य घालवतात, त्यांना या यादीचा हेवा वाटला तर नवल नाही.

परंतु या आकड्याला आजारपण कळत नाही. जायबंदी झालेला मल्ल घरी बसला तर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची नोंद होते आणि क्रमवारी लावताना ती पराभवासारखीच धरली जाते. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची उभारी यांस सहा महिन्यांहून अधिक काळ सहज लागतो. स्पर्धा तर दर दोन महिन्यांनी. म्हणजे शहाणपणाने उपचार घेणाऱ्या मल्लाच्या तीन-चार स्पर्धा बुडणार आणि वर्षानुवर्षांची कमाई वाहून जाणार. पूर्वी असे नव्हते. १९७२ पासून ‘कोशो’ नावाची तरतूद होती. स्पर्धेतील कुस्तीत जखमी झालेल्या मल्लाला पुढील एका स्पर्धेपुरते स्थान न गमावता विश्रांती घेता येत असे. २००३ च्या अखेरीस ती रद्द झाली. बदल्यात वरच्या दोन वर्गांत दोन-दोन जागा वाढल्या, एवढेच.

त्यानंतर काय घडते आहे, हे यादी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. उरा हा चपळ, प्रेक्षकांचा लाडका मल्ल गुडघ्याच्या दुखापतींमुळे २०१९ मध्ये थेट पाचव्या वर्गात गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा पहिल्या वर्गात पोहोचला. तेरुनोफुजीची कथा त्याहून विलक्षण. २०१५ मध्ये ओझेकी झालेला हा मल्ल दुखावलेले गुडघे आणि आजार यांमुळे २०१९ च्या मार्चमध्ये पाचव्या वर्गात जाऊन पडला. तेथून तो परतला आणि २०२१ मध्ये योकोझुना झाला. यादीचे समर्थक या कथा अभिमानाने सांगतात. पण बुडत्यांपैकी एकजण पोहून काठाला लागला, म्हणून नावेची गरज नाही असे ठरत नाही. जे परतले नाहीत त्यांची नावे यादीत नसतात. म्हणून ती कोणाला आठवतही नाहीत.

दोष केवळ संघटनेला देऊन प्रेक्षकांना मोकळे होता येणार नाही. योकोझुनाचे पद गैरहजेरीने जात नाही. तरीही तो जखमी अवस्थेत उतरतो, कारण त्याला टाळ्या ओढतात. २००१ च्या मे महिन्यात ताकानोहाना चौदाव्या दिवशी गुडघा दुखावूनही शेवटच्या दिवशी आखाड्यात आला आणि निर्णायक कुस्तीत मुसाशिमारूला हरवून विजेता झाला. स्वतः पंतप्रधान कोइझुमी यांनी करंडक देताना त्याच्या सोशिकपणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. सारा देश गहिवरला. पुढच्या सलग सात स्पर्धांना ताकानोहाना मुकला आणि २००३ च्या जानेवारीत निवृत्त झाला. ते त्याचे अखेरचे विजेतेपद ठरले. २०१७ च्या मार्चमध्ये किसेनोसातोने तेच केले. तेराव्या दिवशी दुखावलेला डावा खांदा-दंड घेऊन त्याने अखेरच्या दिवशी तेरुनोफुजीला दोनदा हरवले. त्यानंतरच्या सलग आठ स्पर्धा तो पूर्ण वा अंशतः खेळू शकला नाही आणि २०१९ च्या आरंभी त्याची कारकीर्द संपली. २०२४ च्या मार्चमध्ये ताकेरुफुजीने पहिल्या वर्गातील पदार्पणातच विजेतेपद मिळवले. ११० वर्षांत असे घडले नव्हते. चौदाव्या दिवशी घोटा दुखावला असतानाही तो पंधराव्या दिवशी उतरला. मे महिन्याच्या स्पर्धेत तो दिसला नाही आणि जुलैत दुसऱ्या वर्गात घसरला. प्रत्येक वेळी आपण धैर्याला टाळ्या दिल्या असे प्रेक्षकांना वाटले. वस्तुतः त्या टाळ्यांची किंमत मल्लाच्या हाडामांसातून वसूल झाली.

नियमात दया नसली की ती चोरवाटेने येते, हाही धडा सुमोनेच दिला आहे. मार्क डग्गन आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ ते २००० या काळातील कुस्त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. अखेरच्या दिवशी सात विजय मिळवलेल्या मल्लाची गाठ आठ विजय मिळवलेल्याशी पडली, तर त्याने एरवीच्या हिशेबाने ४८.७ टक्के कुस्त्या जिंकायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्याने ७९.६ टक्के जिंकल्या. पुढच्या भेटीत मात्र पारडे उलटे फिरत असे. उसनवारीचा व्यवहार याहून स्पष्ट काय असावा? २०११ मध्ये भ्रमणध्वनींवरील संदेशांतून कुस्त्या ठरवल्याचे पुरावेच बाहेर आले आणि मार्चची ओसाकाची स्पर्धा रद्द करावी लागली. त्या प्रकरणात प्रामुख्याने दुसऱ्या वर्गातील, म्हणजे वेतनाच्या उंबरठ्यावरचे मल्ल गुंतलेले होते. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ज्या पद्धतीत एका पराभवाने पगार जातो आणि दुखापतीला माफी नाही, ती पद्धत अशा सौद्यांना पोषक ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘कोशो’ रद्द करणाऱ्यांची बाजू अशी की, सवलतीचा गैरवापर वाढला होता, किरकोळ दुखण्यांचे दाखले आणून मल्ल घरी बसत होते आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची निराशा होत होती. आक्षेपात तथ्य असेल. पण खोटे वैद्यकीय दाखले ही काही एकट्या सुमोची मिरासदारी नव्हे आणि त्यासाठी एखाद्या कचेरीने आजारपणाची रजाच मोडीत काढल्याचे ऐकिवात नाही. दाखला तपासावा, रजा काढून घेऊ नये.

दुसरा आधार परंपरेचा. तोही तितकासा भक्कम नाही. एकेकाळी वर्षात दोनच स्पर्धा होत, त्याही दहा-दहा दिवसांच्या. पंधरा दिवसांची रूढी १९४९ पासूनची, वर्षातून सहा स्पर्धा १९५८ पासूनच्या. वीस दिवसांचे नव्वद दिवस झाले. १९२८ मध्ये आकाशवाणीच्या सोयीसाठी कुस्तीपूर्व तयारीला वेळेची मर्यादा आली. १९५२ मध्ये प्रेक्षकांना नीट दिसावे म्हणून आखाड्याचे चार खांब काढून छत वर टांगले गेले. श्रोत्यांसाठी आणि प्रेक्षकांसाठी परंपरा वाकते. मग मल्लाच्या गुडघ्यासाठीच ती ताठ का राहावी? दरम्यान पहिल्या वर्गातील मल्लाचे सरासरी वजन १६० किलोंच्या घरात गेले आहे आणि अर्ध्या मीटरहून उंच असलेल्या आखाड्याच्या कडेवरून तो खाली कोसळतो. २०२१ च्या मार्चमध्ये हिबिकिर्यू हा खालच्या वर्गातील मल्ल डोक्यावर आपटला आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत काही मिनिटे तसाच पालथा पडून राहिला. महिन्याभराने, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

रजा देणे अशक्य आहे, असेही संघटनेला म्हणता येणार नाही. २०२१ च्या जानेवारीत कोविडच्या संसर्गामुळे साठहून अधिक मल्लांना स्पर्धेबाहेर राहावे लागले, तेव्हा त्यांची स्थाने तिनेच राखली. म्हणजे दुखणे दुसऱ्याला लागण्याजोगे असेल तर रजा, आणि भर आखाड्यात हाड मोडले तर शिक्षा, असा हा न्याय झाला. तालमीबाहेरच्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी करावी, दुखापत आखाड्यातील असल्याची खात्री करावी आणि तिच्या गांभीर्यानुसार एक ते तीन स्पर्धांपर्यंत स्थान राखावे. एवढ्याने यादीची न्याय्यता कमी होणार नाही. उलट ती मल्लाचे सामर्थ्य मोजू लागेल. आज ती पुष्कळदा त्याची वेदना सोसण्याची ताकद मोजते.

शौकिनांनाही यात वाटा उचलता येईल. पट्ट्यांनी करकचून बांधलेला गुडघा घेऊन मल्ल आखाड्याकडे येऊ लागला की टाळ्यांचा कडकडाट करणे सोपे आहे. पुढच्या वर्षी त्याचे नाव यादीत कोठे आहे, हे भिंग घेऊन शोधणे तेवढे सोपे नाही. ज्याला सुमो खरोखर आवडतो त्याने हा शोध घ्यावा आणि नाव सापडले नाही तर त्याचा जाब विचारावा.