पॅरिसची 'ऑप्शनल' रात्र

युरोपला निघालेल्या मराठी कुटुंबाचं नियोजन खरंच बघण्यासारखं असतं. दशम्या किती दिवस टिकतील, मेतकूट कुणाच्या बॅगेत जाईल, स्वित्झर्लंडला स्वेटर एक पुरेल की दोन, आयफेल टॉवर दुसऱ्या मजल्यापर्यंत की थेट टोकापर्यंत... तीन तीन आठवडे चर्चा चालते. एकाच संध्याकाळीपाशी आले की सगळ्यांचे आवाज खाली येतात. कार्यक्रमपत्रिकेत पॅरिसच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं - कॅबरे शो (ऑप्शनल).

मग काका खाकरतात. काकू म्हणतात, "आम्ही काय बाई, हॉटेलवर पत्ते खेळत बसू." कुणीतरी दादा डोळे मिचकावतो. आणि 'जेन्ट्स लोकांनी काय ते बघून यावं' असा ठराव एकमताने पास होतो.

आजचं लिखाण या ठरावाविरुद्ध आहे. (वाचणाऱ्या नातेवाइकांनो, रागावू नका. किंवा रागवा, पण शेवटपर्यंत वाचा. :-) )

माझं म्हणणं सरळ आहे. जायचं असेल तर सगळ्यांनी मिळून, उजळ माथ्याने, नीट तयारी करून जावं. जायचं नसेल तर का नाही ते स्पष्ट सांगावं, आणि तेच कारण आपल्या घरीही लावावं. हा जो मधला प्रकार आहे ना, गुपचूप जायचं, परत आल्यावर गालातल्या गालात हसायचं, आणि वर संस्कृतीच्या गप्पा मारायच्या, मला अश्लील वाटतो तो हा.

आधी तिथे नेमकं काय असतं ते बघू, कारण निम्मी कुजबुज अज्ञानातून येते.

मुलाँ रूज, म्हणजे लाल पवनचक्की, ६ ऑक्टोबर १८८९ रोजी माँमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी सुरू झालं. आयफेल टॉवरही १८८९ चाच. म्हणजे ज्या टॉवरसमोर आपण आजीला उभं करून फोटो काढतो, त्याचंच हे जुळं भावंडं म्हणायला हरकत नाही! १९१५ मध्ये ते जळालं, १९२१ मध्ये पुन्हा उघडलं. १९९९ पासून तिथे 'फेरी' नावाचा एकच खेळ चालू आहे. साठेक कलाकार, हजारभर पोशाख, पिसं, चमचमते खडे, जिने आणि मधेमधे कसरती करणारे कलाकार. रात्री नऊ आणि अकरा असे दोन खेळ, वर्षाचे सगळे दिवस. हो, नर्तकी काही प्रवेशांत वरचं अंग उघडं ठेवून नाचतात. हे आधीच माहीत असावं, म्हणजे तिथे बसल्यावर एकमेकांकडे बघून दचकायला होत नाही. आणि हो, दोन तासांच्या खेळाचा हा एक भाग आहे, सगळा खेळ नव्हे.

अजूनही काही काका 'लिडो बघा हो, लिडो' असं सांगतात. त्यांच्यासाठी माहिती : शाँझेलिझेवरच्या लिडोतला तो पिसांचा खेळ २०२२ मध्ये बंद झाला. आता तिथे संगीत नाटकांसारखे दुसरे प्रयोग होतात. तेव्हा जुन्या आठवणीवर बेत आखू नका.

आता बेत. म्युझियमला देता तेवढंच महत्त्व या संध्याकाळीला द्या. तिकीट आधी काढा, आयत्या वेळी चांगली जागा मिळत नाही. नुसता खेळ पाहायचा तर माणशी शंभर युरोच्या आसपास धरून चला, जेवण घेतलंत तर दुपटीच्या पुढे. जेवण संध्याकाळी सातला सुरू होतं, म्हणजे त्या दिवशी दुपारी व्हर्सायला पाय मोडून घेऊ नका, नाहीतर एवढे पैसे देऊन अंधारात झोपाल. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच सांगा. हाफपँट, स्लिपर, खेळाचे बूट नकोत. साडी उत्तम. खेळ चालू असताना फोटो काढायला बंदी आहे आणि ती पाळायची, कारण समोर नाचणारी मुलगी तुमच्या फोनमध्ये शिरून तुमच्या मित्रांच्या ग्रुपवर फिरण्यासाठी नाचत नाहीये. जायला मेट्रोची दोन नंबरची लाइन, ब्लाँश स्टेशन, बाहेर आलात की समोरच. अकराचा खेळ संपायला एक वाजतो, तेव्हा शेवटची मेट्रो बघून ठेवा किंवा टॅक्सीचे पैसे धरा. आजूबाजूचा पिगालचा भाग रात्री जरा रंगेल आहे. दारात उभं राहून आत बोलावणाऱ्यांच्या बारमध्ये शिरू नका, बिल बघून घाम फुटेल. चार जण सोबत असलात की काही भीती नाही. म्हणून तर म्हणते, सगळे मिळून जा.

इथपर्यंत ठीक. आता खरा मुद्दा.

मुलाँ रूज ज्या नाचामुळे गाजलं, तो कॅनकॅन राजवाड्यातून आलेला नाही. १८३० च्या सुमारास पॅरिसमधल्या कामकरी लोकांच्या नाचघरांत तो सुरू झाला. झगे उडवून पाय डोक्यापर्यंत नेणाऱ्या त्या बायकांना सभ्य पॅरिस नावं ठेवत होतं, आणि रात्री तेच सभ्य पॅरिस तिथे टेबल अडवून बसत होतं. (ओळखीचं वाटतंय का?) मुलाँ रूजची पहिली मोठी तारका लुईझ वेबर. ही धोबिणीची मुलगी आणि स्वतःही कपडे धुण्याचं काम केलेली. लोक तिला 'ला गुल्यू' म्हणत, म्हणजे हावरी, कारण गिऱ्हाइकांचे पेले ती एका घोटात रिकामे करायची. तुलूझ-लोत्रेकने १८९१ मध्ये तिचं पोस्टर केलं, ते आज जगभरच्या म्युझियमांत लागलेलं आहे. आणि ती? उतारवयात ती मुलाँ रूजच्याच आसपास रस्त्यावर शेंगदाणे विकत होती. १९२९ मध्ये गरिबीत गेली. १९९२ मध्ये तिचे अवशेष सन्मानाने माँमार्त्रच्या दफनभूमीत आणले. म्हणजे फ्रेंचांनाही शहाणपण सुचायला साठ वर्षं लागली. पण सुचलं.

आता आपल्या विठाबाई नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा. पोटुशी असताना बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे ती अभिमानाने सांगतात. मला ती ऐकताना दर वेळी प्रश्न पडतो की त्या रात्री समोर बसलेल्यांपैकी कुणालाच 'बाई, आता पुरे' म्हणावंसं कसं वाटलं नाही? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेली ही बाई २००२ मध्ये गेली, तीही हलाखीत. आता तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

दोघींच्या कहाण्यांत फरक फार थोडा आहे. फरक आहे तो आपल्या नजरेत. ला गुल्यूचं पोस्टर आपण फ्रिजवरचं चुंबक म्हणून विकत आणतो. विठाबाईंच्या फडाच्या नावाने नाक मुरडतो.

पॅरिसच्या शोला जाणाऱ्या किती जणांनी पुण्यातलं आर्यभूषण थिएटर आतून पाहिलंय? चौफुला, मोडनिंब, जामखेड इथली कलाकेंद्रं हायवेवरून जाताना दिसतात, तेव्हा गाडीत काय बोललं जातं? 'शी, मुलं आहेत गाडीत.' तिथे संगीतबारीच्या बायका बैठकीची लावणी गातात, बसल्या जागी चेहऱ्यावर आणि बोटांवर सगळा अर्थ दाखवतात. यमुनाबाई वाईकरांना याच गाण्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि एक गंमत सांगू? आपल्या लावणीत बाई नऊवारी नेसून नखशिखांत झाकलेली असते! तिकडे अंग उघडं असतं, तरी ती 'कला'. इकडे झाकलेलं असतं, तरी ते 'तसलं'. म्हणजे प्रश्न कपड्यांचा नाहीच. प्रश्न तिकीट किती युरोचं आहे याचा आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. आपल्या राज्याने हे चक्क कायद्यात लिहून ठेवलं होतं. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली. परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना सूट. म्हणजे गरिबाने पाहिला तर समाज बिघडतो आणि श्रीमंताने पाहिला तर करमणूक होते. मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम केला. प्रेक्षकांच्या ऐपतीवरून नीती वेगवेगळी धरायची, हे कोर्टाला पटलं नाही. मग २०१४ मध्ये विधिमंडळाने काय केलं, तर ती सूटच काढून टाकली आणि सगळीकडेच बंदी! पुढे २०१५ ची स्थगिती, २०१६ चा नवा कायदा, २०१९ मध्ये त्यातल्या जाचक अटी कोर्टाने उडवणं... या चौदा वर्षांत हजारो बायकांचा रोजगार गेला. त्या कुठे गेल्या, काय करू लागल्या, याची चौकशी आपल्यापैकी कुणी केली? आपल्याला त्या बंदीने 'बरं झालं' एवढंच वाटलं होतं. आणि त्याच वर्षांत आपल्या पॅरिसच्या ट्रिपा चालूच होत्या.

आता एक आक्षेप, आणि तो मला मनापासून मान्य आहे. एक ताई म्हणाल्या, "अगं, बाईचं अंग दाखवून पैसे मिळवणं पॅरिसमध्ये काय आणि इथे काय, मला दोन्ही नको." यांच्याशी माझं भांडण नाही. त्या दोन्हीकडे एकच माप लावतात. त्यांनी त्या रात्री सीनच्या काठी खुशाल फिरावं.

पण एक सांगते. 'बाईचा अपमान' एवढं म्हणून थांबू नये. पुढचं विचारावं. त्या बाईला पगार मिळतो का? दुखापत झाली तर कोण बघतं? प्रेक्षकाने अंगाला हात लावला तर त्याला बाहेर काढतात का? म्हातारपणी काय? मुलाँ रूजच्या नर्तकी तालमी करून निवडून आलेल्या नोकरदार कलाकार आहेत. त्यांचे बूट शिवणारे आणि पिसं गुंफणारे जुने कारखाने बंद पडू नयेत म्हणून त्याच संस्थेने ते विकत घेऊन चालवले आहेत. २५ एप्रिल २०२४ ला पहाटे त्या पवनचक्कीची पाती पडली, तर जगभर बातमी झाली आणि जुलैत नवी पाती बसलीसुद्धा. आमच्याकडे एखाद्या फडाची राहुटी कायमची उतरली तर नारायणगावच्या बाहेर कुणाला कळतं का? मान याला म्हणतात. तो टाळ्यांनी मिळत नाही, पगाराने, नियमाने आणि उजेडात पाहायला येणाऱ्या प्रेक्षकांमुळे मिळतो.

उजेडात येणारा प्रेक्षक, हाच शब्द महत्त्वाचा. ज्या खेळाला फक्त पुरुष, तेही चोरून जातात, तो खेळ हळूहळू त्याच नजरेसाठी घडत जातो. बायका आल्या, सासू-सून शेजारी बसल्या, की नजर बदलते आणि खेळही. भूषण कोरगावकरांच्या 'संगीत बारी' या पुस्तकानंतर त्याच नावाचा प्रयोग आला, तेव्हा शहरातल्या सभागृहांत बायका मोकळेपणाने बसल्या, हसल्या, दाद देऊन आल्या. आकाश कोसळलं नाही.

तेव्हा यंदा ज्यांची ट्रिप ठरते आहे त्यांना माझा आग्रह असा. काकूंचं तिकीट काढा. त्यांना विचारून काढा, पण आधी विचारा तरी! 'त्यांना काय आवडणार' हे काकांनी ठरवू नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना ला गुल्यूची गोष्ट सांगून न्या. पाहून आल्यावर जेवताना त्यावर बोला, काय आवडलं, काय खटकलं ते. आणि परत आल्यावर, युरो देऊन जी कला पाहिलीत तिच्या निम्म्या पैशांत, एका शनिवारी लावणीच्या बैठकीला सहकुटुंब जा. पुढच्या रांगेत बसा, फोन खिशात ठेवा, आणि दौलतजादा करायचीच असेल तर नोटा न उधळता हातात द्या, नमस्कार करून.

हे जमत नसेल, तर पॅरिसलाही पत्तेच खेळा. सगळ्यांनी. जेन्ट्ससुद्धा.