अंतर आणि कर्तव्य

माणसाने कसे वागावे याचे निकष शोधणारे नियामक नीतिशास्त्र आणि ते निकष प्रत्यक्ष प्रश्नांना लावून पाहणारे उपयोजित नीतिशास्त्र यांची सांगड ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक पीटर सिंगर यांच्या १९७२च्या दुष्काळ व समृद्धीविषयक निबंधात दिसते. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या लक्षावधी निर्वासितांचे हाल समोर ठेवून लिहिलेल्या या निबंधाचे प्रतिपादन असे की, तितक्याच नैतिक मोलाचे काही न गमावता अनिष्ट टाळता येत असेल, तर पीडित शेजारी असो वा हजारो मैल दूर, ते टाळलेच पाहिजे. म्हणजे दान हे ऐच्छिक पुण्यकर्म न राहता कर्तव्य ठरते. हे तत्त्व सामान्य माणसाकडून फार मागते, हा आक्षेप रास्तच आहे (सिंगर तो लपवतही नाहीत). तथापि केवळ अंतरामुळे कर्तव्य कसे घटते, हे आक्षेपकांनाही समाधानकारकपणे दाखवता आलेले नाही.