इंजिन तापले की आधी हेडच का उघडता?

रत्नागिरीच्या राजिवड्यापासून जयगड, दाभोळपर्यंत खाडीकाठी फिरलो की आमच्या होडीवाल्या बांधवांकडून एक तक्रार हमखास कानी येते. मशीन गरम होते. मिस्त्रीला दाखवले, त्याने काम केले, चार फेऱ्या बरे चालले आणि पुन्हा गरम. मागे एकदा अशाच एका बांधवासोबत आम्ही दुकानावर गेलो होतो. लहान होडीच्या मागे लावतात ते दहाएक हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. मिस्त्रीने काही न विचारता हेडचे बोल्ट सैल केले. गॅस्केट झाले, पिस्टनच्या रिंगा झाल्या, वर मजुरी. होडीवाल्याने उसनवारी करून पैसे भरले. तिसऱ्या दिवशी मशीन भर खाडीत बंद पडले आणि ओहोटीच्या ओढीविरुद्ध वल्ही मारीत तो कसाबसा काठाला लागला. पुढे दुसऱ्या कारागिराने खालचा भाग उतरवला, तेव्हा पाण्याच्या पंपातील रबराची दोन पाती तुटून गेलेली निघाली.

दुकान कोणाचे, हा आमचा प्रश्न नाही. ही आता रीतच होऊन बसली आहे, आणि तिच्यात आमचा कारागीर व आमचे गिऱ्हाईक दोघेही सामील आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या आऊटबोर्डला मोटारगाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात ते चालते तेच पाणी ते खालच्या जाळीतून ओढते. गियरकेसच्या वर बसवलेला पंप ते नळीने वर चढवतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि पुन्हा बाहेर सोडतो. त्यातलीच एक बारीक धार मागच्या भोकातून पडत असते. ही धार म्हणजे मशीनची नाडी. पंपातील इंपेलर म्हणजे रबराच्या पात्यांचे एक लहानसे चाक, त्याला वंगण पाण्याचेच. मशीन पाण्याबाहेर कोरडे चालवले तर मिनिटभरात हे रबर जाऊ शकते, आणि भाट्याच्या खाडीसारख्या गाळाच्या पाण्यात ते रोज थोडे थोडे घासले जाते. म्हणजे तापण्याचे कारण बहुतेक वेळा खाली असते, आणि आमच्या कारागिराचा हात जातो वर.

वस्तुत: धार बंद दिसली तर पहिले काम बारीक तारेचे आहे. भोकातच चिखल अडकलेला असतो. त्यानंतर मशीन वर उचलून जाळी पाहावी. प्लास्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा नायलॉन निघाला तर अवघ्या पाच मिनिटांत काम संपले. होडीची मागची फळी उंच असेल तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या बरोबरीने किंवा किंचित खाली असायला हवी. हे सारे ठीक असेल तर मग पंप उघडावा. येथे एक चूक चांगल्या चांगल्या हातांकडून होते. पाती तुटलेली दिसली की नवा इंपेलर बसवून ते मोकळे होतात. तुटलेले तुकडे गेले कोठे? ते वरच्या नळीत जाऊन अडकतात आणि नव्या रबराचीही मेहनत वाया घालवतात. तुकडे जुळवून पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. पंपाची आतली वाटी आणि खालची पत्री ओरखडली असेल तर तीही बदलावी, नाहीतर धार येते पण तिला जोर येत नाही.

धार जोरात असूनही मशीन तापत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थर्मोस्टॅट आणि आतले मीठ यांच्याकडे वळावे. मोटारगाडीचा थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या वर उघडतो. बहुतेक आऊटबोर्डचा मात्र ५० ते ६० अंशांच्या आसपास, कारण खारे पाणी अधिक तापले की मीठ आणि क्षार आतच धरू लागतात. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तो उघडतो की नाही हे कोणीही पाहू शकतो. आमच्याकडे सरसकट तो काढून फेकण्याची पद्धत आहे. त्याने मशीन गार राहते खरे, पण गरजेपेक्षा गार राहते, आणि पेट्रोल नीट न जळता काजळी धरते. मीठ काढण्यासाठी संडास धुण्याचे ॲसिड ओतणारेही आम्ही पाहिले. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला ते मिठाआधी खाते!

तेलाचे एवढेच सांगतो की ५०:१ प्रमाण सांगितलेल्या मशीनला एका लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते, आणि ते आऊटबोर्डचेच हवे. स्कूटरचे चालते हा गैरसमज आहे.

आता मूळ मुद्दा. एका कारागीर बांधवाला आम्ही विचारले, हे सारे तुम्हाला ठाऊक आहे, मग आधी हेड का? तो म्हणाला, "भाई, अर्धा तास घालवून पिशवी काढून दिली तर गिऱ्हाईक म्हणते, एवढ्याचे काय पैसे? पिस्टन हातात दिला की मुकाट्याने देते." खेदाची बाब म्हणजे तो खोटे बोलत नव्हता. दोष शोधण्याच्या कसबाला आम्ही किंमत देत नाही, पार्टला देतो. मग कारागीर पार्टच विकणार. याने त्याची सुटका होते असे नाही. दुरुस्तीला आलेले मशीन ही अमानत आहे, आणि कारण न सापडता तिचा सुटा भाग बदलणे ही विक्री झाली, दुरुस्ती नव्हे. पण वाट काढायची तर ती दोन्हीकडून काढावी लागेल. कारागिराने तपासणीची मजुरी वेगळी ठरवून दुकानात पाटीवर लिहावी. दोष पाच मिनिटांचा निघो की पाच तासांचा, होडीवाल्याने ती कुरकुर न करता द्यावी. गेलेल्या चार दिवसांच्या मासळीपुढे ही रक्कम कितीशी?

होडीवाल्यांनाही दोन शब्द. धार मंदावली की "काठापर्यंत जाऊ दे" म्हणू नका. बंद करा, नांगर टाका. तापलेल्या मशीनवर थंड पाणी ओतू नका, हेड वाकते. आणि काठाला आलात की गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे चालवा, गियर न टाकता, पाणी पंपाच्या वर राहील असे. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ असते हे आम्ही जाणतो. वापरलेले पाणी फडक्यातून गाळून घेतले तरी चालते, त्यात साबण नसला म्हणजे झाले.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी म्हणजे खालचा भाग उतरवण्याचे दिवस. गाळाच्या खाडीत चालणाऱ्याने इंपेलर दरसाल बदलावा, चांगला दिसला तरी. कारागिराने मशीन परत देताना ते पिंपात चालवून धार दाखवावी, आणि जुना रबर कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.