पाळीव श्वानाचे बदललेले वर्तन आणि रेबीजविरोधी लढा

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावरून २०२५ मध्ये देशभर मोठी चर्चा झाली. दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवारागृहात हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट रोजी दिला. २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल करून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या चर्चेत घरात पाळलेला कुत्रा बाजूलाच राहिला. वस्तुतः रेबीजचा विषाणू भटका आणि पाळीव असा भेद करत नाही.

पाळीव श्वानाच्या वर्तनात अचानक बदल झाला की ‘पिसाळला’ असा निष्कर्ष काढला जातो किंवा ‘होईल बरा’ म्हणून दुर्लक्ष केले जाते. ही दोन्ही टोके घातक आहेत. कान वा दातांचे दुखणे, सांधेदुखी, फटाक्यांची भीती, वार्धक्य यांमुळेही शांत कुत्रा गुरगुरू लागतो किंवा कोपऱ्यात दडून बसतो. अशा वेळी त्याला मारझोड करणे किंवा रस्त्यावर सोडून देणे हा उपाय नव्हे.

रेबीजची दोन रूपे आढळतात. आक्रमक रूप सर्वांना परिचित आहे. मूक रूपात मात्र कुत्रा चावत सुटत नाही. तो मलूल होतो, जबडा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे, या समजुतीने घरातील माणसे त्याच्या तोंडात हात घालतात आणि नकळत संसर्गाचा धोका ओढवून घेतात. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असू शकतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

म्हणूनच असा बदल दिसताच श्वानाला मुलांपासून दूर, वेगळे ठेवून पशुवैद्यकाचा सल्ला घेणे हिताचे ठरते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्वरित रुग्णालय गाठावे. चावलेल्या श्वानावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते. मात्र त्या निरीक्षणासाठी उपचार लांबणीवर टाकू नयेत. लक्षणे प्रकट झाल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर घेतलेली लस मात्र तो टाळू शकते.

श्वानांमार्फत होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. व्यापक श्वान लसीकरण, शालेय शिक्षण आणि दक्ष देखरेख यांची सांगड घातल्यास काय साधता येते, हे गोव्याने दाखवून दिले आहे. २०१८ आणि २०१९ या वर्षांत तेथे रेबीजने एकही मानवी मृत्यू झाल्याची नोंद नाही.

देखरेखीची ही साखळी घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते. आपल्या कुत्र्याची रोजची सवय मालकाइतकी कोणत्याही यंत्रणेला ठाऊक नसते. दरवर्षीचे लसीकरण आणि बदलाची वेळीच घेतलेली दखल, या दोन गोष्टी प्रत्येक श्वानपालकाच्या हाती आहेत. त्या झाल्या, तर २०३० चे उद्दिष्ट केवळ कागदावर राहणार नाही.